‘मिठाच्या चंद्रा’ला दहापैकी चार

हडर्सफील्ड, ६ नोव्हेंबर

प्रिय रोझलिंड,

पत्रास कारण की तुझं कार्ड पोचलं. एकच ओळ, तीही हिरव्या शाईत: ‘दहापैकी चार मिळालेल्या बाईनं आता घरी बसावं हे बरं, पुढच्या तिन्ही श्रुतिकांना नकार कळवलाय.’ खाली सही पूर्ण नावाची, म्हणजे तू खरंच रागावली आहेस. असो. तुझा खुबा कसा आहे? जिना उतरताना दुखतो का अजून, आणि सांगितलेले व्यायाम तू करतेस की नुसती करते म्हणून सांगतेस (मी तसंच करतो)? मांजर खातं-पितं ना? इकडे मी ठीक आहे. माझा रक्तदाब नर्सच्या मते जास्त आहे, माझ्या मते स्वाभिमानी माणसाचा असावा तेवढाच आहे. ही विचारपूस झाली. आता हे पत्र उघडण्यापूर्वी तू किटली ठेवलीस, खुर्चीत बसलीस आणि स्वतःशी म्हणालीस की बघू या, माफी मागतोय का, तर सांगून टाकतो की नाही मागत. चार म्हणजे चार.

सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तुला ते माझ्या शेजारच्या मॉर्लीनं सांगितलंय, आणि मॉर्लीला साधा पाऊस पडतोय हेसुद्धा तिखटमीठ लावल्याशिवाय सांगता येत नाही. गेली सत्तावीस वर्षं मी आमच्या चाहता मंडळाच्या ‘वात’ या अंकात ‘फिरता दीपस्तंभ’ या मालिकेवरच्या श्रुतिकांची परीक्षणं लिहितो. टीव्हीवरची मालिका बंद पडो, परत सुरू होवो, श्रुतिका येतच राहिल्या, आणि मी ऐकतच राहिलो. दोनशे चौदा. यातल्या निम्म्यांत राक्षसाचा आवाज एकच माणूस काढतो आणि तो दर वेळी सर्दी झाल्यासारखाच येतो, हे या देशात छापून सांगणारा मी एकटा आहे. दोनशे पंधरावी ‘मिठाचा चंद्र’ आली, आणि पाकिटावर तुझा फोटो. एकोणपन्नास वर्षांनी तू पुन्हा टॅन्सी झालेली, दीपस्तंभाची वात कापणारी ती अगोचर पोरगी. मंडळात दिवाणखान्यात राणी आल्यासारखी धांदल उडाली. मॉर्लीनं तर ऐकण्याआधीच नऊ गुण देऊन टाकले (तो सगळ्यांना आठ देतो, तुला एक वर, शेजारधर्म म्हणून).

आता मी काय करायला हवं होतं? आपला तो बाब्या म्हणून दहा द्यायचे? तसं करणाऱ्यांतला मी नाही, हे तुला मी शाळेच्या नाटकात तुझ्या परीला ‘मोठ्यानं बोल’ असं पहिल्या रांगेतून ओरडलो तेव्हाच कळायला हवं होतं. मी नियमाप्रमाणे वागलो. वर ठळक अक्षरांत छापलं की भूमिका करणाऱ्या श्रीमती बर्केट परीक्षकाच्या सख्ख्या बहीण आहेत, सबब पक्षपात टाळण्यासाठी एक गुण कापला आहे. (हा नियम आमच्याकडे नव्हता. मी त्या दुपारी केला. पण नियम कुणीतरी कधीतरी करतंच.) पुढे लिहिलं की कथा ढिली आहे. चाळीस वर्षं मिठाच्या चंद्रावर एकटी राहिलेली बाई पाहुणा आला की आधी चहा विचारेल, विश्वाचा इतिहास सांगत बसणार नाही. तुझं ते वाक्य, ‘अरे देवा, हा दरवाजा वितळतोय, आता कडीही वितळली, आता चौकट’, हे मान्य आहे की ऐकणाऱ्याला दरवाजा दिसत नाही म्हणून म्हणावं लागतं, पण तू ते मासळीवाल्याच्या पाटीवरचे भाव वाचल्यासारखं म्हटलंस. आणि शेवटी लिहिलं की श्रीमती बर्केट यांच्या किंचाळण्याचा दर्जा १९७६च्या तुलनेत उतरला आहे. या वाक्यावर म्हणे तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाई गं, तुझ्या किंचाळण्यावर बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणाला आहे? तुझ्या गादीत बेडूक कोण ठेवायचं?

१९७६चं काढलंसच (मीच काढलं, पण तू मनात काढलं असशील), तर तेही सांगतो. तू लंडनला गेलीस, टॅन्सी झालीस, अकरा भाग वात कापलीस आणि बाराव्यात पाऱ्याच्या भरतीत वाहून गेलीस. शनिवार, संध्याकाळचे पावणेसहा. मी दहा वर्षांचा, मांडीवर बीन्स आणि टोस्ट. सात वाजायच्या आत पलीकडच्या मिसेस ओल्डरॉईड शिजवलेल्या हॅमची थाळी घेऊन दारात, जशी मयतीच्या घरी नेतात तशी. त्यांना ठाऊक होतं की नाटक आहे, पण गल्लीतली पोरगी वाहून गेली आणि आपण रिकाम्या हातानं बसायचं हे त्यांना बरं दिसेना. आईनं हॅम घेतलं, आभार मानले आणि तुझ्या लंडनच्या घरमालकिणीला फोन लावला. तिनं सांगितलं, रोझलिंड नाचायला गेलीय. आईनं फोन ठेवला आणि वडिलांना म्हणाली, “मेलीय तरी नाचायला गेलीय.” सोमवारी शाळेत मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवण वाढणाऱ्या बाईनं मला कस्टर्ड तिप्पट वाढलं. माझ्या आयुष्यातला तेवढा मान मला नंतर कधी मिळाला नाही.

तर परीक्षण छापून आलं आणि मंडळाचं पित्त खवळलं. एकशे त्रेसष्ट वर्गणीदारांपैकी एकोणसाठ जणांची पत्रं आली, त्यातलं एक नुसतंच ‘लाज’ असं. गेल्या गुरुवारी पबच्या माडीवर खास सभा. विषय एकच: क्लिफर्ड बर्केट यांनी बहिणीला नापास केल्यामुळे बहिणीनं पुढच्या तीन श्रुतिका नाकारल्या, सबब बर्केट यांनी चाराचे आठ करावेत, नाहीतर लेखणी खाली ठेवावी. अध्यक्ष ग्लेनिस, जी पस्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती आणि अजून सगळ्यांकडे ताट पुढे करा अशा नजरेनं पाहते. माझी नेहमीची खिडकीजवळची खुर्ची मॉर्लीनं कोट ठेवून अडवली होती. सॉसेज रोलची थाळी माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात फक्त भुगा होता. मी उभा राहून बोललो. म्हटलं, गुण हे शेपटी हलवायला नसतात. बहिणीला जास्त द्यायचे असतील तर उद्या मेव्हण्यालाही द्या, परवा मेव्हण्याच्या कुत्र्याला. मोडेन पण वाकणार नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं ‘खाली बस’ म्हटलं, तो बहुधा बारमन असावा.

मग मॉर्लीनं शहाणपणा केला. म्हणाला, भांडण कशाला, सगळ्यांनी मिळून पुन्हा ऐकू या आणि क्लिफर्डनं सर्वांसमोर गुण द्यावेत. कोपऱ्यातला स्पीकर आणला, दिवे मंद केले, आणि पंचवीस माणसं स्पीकर सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसली. मीही बसलो, हाताची घडी घालून. राक्षस सर्दी झालेला. दरवाजा वितळला. कडी वितळली. चौकट वितळली. बघा, मी म्हटलं, मासळीवाला. शेवटच्या भागात मात्र मला उठावं लागलं, कारण दोन प्याले बिअर झाली होती आणि या वयात ती थांबत नाही. परत आलो तेव्हा टेप संपली होती, दोन बायका नाक शिंकरत होत्या, आणि मी उभ्या उभ्याच जाहीर केलं: चार. मतदान झालं. लेखणी खाली ठेवावी असं म्हणणारे एकोणीस, ठेवू नये म्हणणारा मी, उरलेले बिल द्यायला खाली गेले. लेखणी मी ठेवलेली नाही. ती माझी आहे, मंडळाची नाही.

हे एवढ्यासाठी कळवलं की तुझ्या नकाराचं खापर माझ्या डोक्यावर फुटलंय आणि मी डोकं खाली घातलेलं नाही हे तुला घरच्या माणसाकडून कळावं. मांजराला थोपट. थंडी पडलीय, खुब्याला गरम पिशवी लाव.

तुझा धाकटा आणि हेकट भाऊ,
क्लिफर्ड

ता. क. बिअर एकच प्याला होती, आणि मी लघवीला गेलो नव्हतो. जिन्यात उभा होतो. थोड्या वेळानं ग्लेनिस बाहेर आली. माझ्याकडे न बघता कठड्याला टेकून म्हणाली, “क्लिफर्ड, गोष्ट वाईट आहे की शेवट सोसत नाही?” मी म्हटलं, माझ्या अंकात दोन्हीला एकच रकाना आहे. ती म्हणाली, “मग तसं तिला कळव. मला काय सांगतोस?” आणि आत गेली. म्हणून कळवतो.

ता. क. २. टीव्हीवर तू वाहून गेलीस ती निदान लांबून. पेटी कोपऱ्यात होती, मध्ये गालिचा होता, आई होती. श्रुतिका मी हेडफोन लावून ऐकतो. त्यात टॅन्सी दार धरून मागे राहते आणि मीठ तडकत जातं, आणि मग बराच वेळ फक्त तुझा श्वास असतो, आणि मग तोही नसतो. माझ्या दोन कानांच्या मधोमध, रोझलिंड. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. तू आता बहात्तरची आहेस. ते इतकं चांगलं केलंयस की मी सुरी टाकून तुला फोन लावला. तू उचललास, ‘हॅलो’ म्हणालीस, आणि मी चुकून लागला असं सांगून ठेवला. त्याच दुपारी परीक्षण लिहिलं. चारांतले तीन गुण त्या श्वासाचे आहेत आणि कापलेले सहा कंपनीवाल्यांनी तुला दुसऱ्यांदा मारल्याचे. हे छापता येत नाही.

ता. क. ३. त्या तिन्ही श्रुतिका कर. कंपनीवाल्यांना सांग की टॅन्सी मिठातून बाहेर निघाली. त्यांना कारण सुचेल, ते पाऱ्यातूनसुद्धा काढतात. फक्त शेवटी जिवंत राहा, मग दरवाजाबद्दल कसंही बोल. चार मी बदलणार नाही. तरीही नाही म्हणायचं असेल तर कार्ड पाठवू नकोस, फोन कर, आणि नाही म्हण, ओरड, तोंडाला येईल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही आणि गुणही देणार नाही.