बाजूच्या जागेवरचा रुमाल

लाइपझिग, रविवार

प्रिय आई, जयभीम.

मी बरी आहे. थंडी वाढलीय, पण तू दिलेला स्वेटर पुरतो. बाळकुमला पाणी वेळेवर येतं ना? तुझं गुडघ्याचं तेल संपलं असेल, दादाला आणायला सांग.

फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. काल चर्चमध्ये बरोक संगीत ऐकायला गेलेले. तीनशे वर्षांपूर्वीची प्रार्थनागीतं. एकटी बाई गात होती, साथीला व्हायोलिनं आणि छोटा ऑर्गन. बसल्याबसल्या मी बाजूच्या जागेवर रुमाल टाकला. कल्याणला कार्यक्रम असला की बाबा ड्युटीवरून उशिरा यायचे आणि मी टाकून ठेवायचे ना, तसाच. एका आजोबांनी विचारलं, जागा रिकामी आहे का? मी बोलून गेले, "बाबा येतायत."

बाबांना जाऊन वर्ष झालं, हे नंतर आठवलं. तरी रुमाल उचलवेना. गाणं थांबून नुसती वाद्यं सुरू झाली तेव्हा बाक करकरला, आणि मी वाट द्यायला गुडघे आत घेतले. कोणीच नव्हतं.

रुमाल तिथेच ठेवून आले.

तू अजून दर रविवारी बाबांचा शर्ट धुऊन गॅलरीत वाळत घालतेस, म्हणून मी तुझ्यावर ओरडलेले. घालत जा.

तुझीच,
स्वप्ना