सुकडीची खरवड

आई,

आज बारा नोव्हेंबर, बुधवार. सकाळी कंपनीच्या गाडीने वेळेवर पोचले. दिवसभर परदेशचे पाहुणे होते. साडेतीनला सुटले, अंबरनाथ पश्चिमेला एका घरी जाऊन आले आणि सहाच्या सुमारास बदलापूरला घरी आले. तू जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला सांगायचं असं एकच होतं आणि ते मी टाळत आले. आज लिहिते आहे.

तू असताना मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. आता त्याच कंपनीत तपासणीची कागदपत्रं माझ्याकडे असतात. आमच्याकडून एका रोगाच्या गोळ्या आफ्रिकेत जातात. रोग बरा होत नाही, पण गोळी रोज घेतली तर माणूस कामाला जातो, पोरं वाढवतो. पैसे अमेरिकेचे असायचे, म्हणून प्रत्येक बाटलीच्या डब्यावर ही अमेरिकी जनतेची भेट आहे अशी ओळ आणि वर दोन हात मिळवल्याचं चित्र. वर्षाच्या सुरुवातीला तिथे अध्यक्ष बदलला आणि त्याने मदत थांबवली. तयार माल गोदामात पडून राहिला, पॅकिंगच्या निम्म्या बायका घरी बसल्या. आता झांबियाच्या सरकारने त्यातला काही माल स्वतःच्या पैशाने घ्यायचं ठरवलं. अट एवढीच, डबे नवीन हवेत, ती ओळ नको. आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी. त्यांनी नवे डबे छापलेच नाहीत. तिथल्याच कॅम्प दोनमधून पांढरे स्टिकर करून आणले, बायकांना परत बोलावलं आणि ओळीवर, चित्रावर चिकटवायला लावले. दहा दिवस तेच काम चाललं. आज माल पाहायला तिकडच्या औषध खात्याचे अधिकारी यायचे होते. सकाळी शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पूछेगा तो बोलना नया कार्टन है. आप कम बोलते हो, आपका मान लेगा."

अधिकारी साठीच्या जवळ आलेले, हळू बोलणारे. गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी एक डबा उचलला, अंगठा फिरवला, स्टिकरच्या कडेवर अंगठा थांबला. शेठकडे न बघता मला विचारलं, "हे नवीन छापलेत?" बायकांचे हात थांबले. माल नापास झाला तर त्या पुन्हा घरी बसणार होत्या, हे मला दिसत होतं. तरी मी म्हणाले, "नाही. जुनेच आहेत. वर स्टिकर लावलाय." मागून एक बाई पुटपुटली, "झालं. बाईंनी वाट लावली."

त्यांनी नखाने कोपरा सोलला. अर्धा हात दिसला. "आमच्याकडे लोक हे सोलणारच," ते म्हणाले. "मग म्हणतील, माल अमेरिकेचा आणि सरकार स्वतःचं नाव लावतंय." शेठ म्हणाले, तीन आठवड्यांत नवे डबे छापून देतो. अधिकारी म्हणाले, "तीन आठवडे आहेत कुठे? जिथे तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायचो, तिथे आता एका महिन्याच्या देतोय." मग त्यांनी डब्यातून बाटली काढली. तिच्यावर फक्त औषधाचं नाव असतं. "डबा काढून टाका," म्हणाले. "माणसं गोळी खातात, पुठ्ठा खात नाहीत." आतला माहितीचा कागद बाटलीला चिकटवता येईल का, एवढं त्यांनी मला विचारलं. येईल, मी म्हणाले. सही झाली. मघाचीच बाई मोठ्याने म्हणाली, "दहा दिवस लावलं, आता दहा दिवस काढा. पण पगार चालू ठेवा, शेठ." सगळ्या हसल्या. शेठही हसले, जरा उशिराने.

जेवताना आमच्या सुपरवायझरने अधिकाऱ्यांना विचारलं, तुमच्याकडे अमेरिकेचा कोणता अध्यक्ष चांगला मानतात. तो असले प्रश्न कोणालाही विचारतो. ते म्हणाले, "एकाने लढाया लावल्या. जग त्याला नावं ठेवतं. माझ्या गावात ठेवत नाहीत, कारण त्याच्या काळात या गोळ्या आल्या. माझी बहीण त्या गोळ्यांवर आहे." मग म्हणाले, "पुढे एक असा आला की ज्याचे वडील आफ्रिकेतले. आम्ही रस्त्यावर नाचलो. तो मात्र लांबच्या नातेवाइकासारखा वागला. आला, आहेर केला, निघून गेला." "आणि आत्ताचा?" सुपरवायझरने विचारलं. "आमच्या घरातच दोन मतं आहेत. बहीण म्हणते, याला काळीज नाही. भाऊ म्हणतो, बरं झालं. आतापर्यंत आपले मंत्री म्हणायचे अमेरिकेला विचारा, आता त्यांनाच विचारता येईल." सुपरवायझर म्हणाला, "आणि साहेब, तुम्ही?" "मी औषध खात्यात आहे. गोदामात बाटल्या किती आहेत, ते बघून माझं मत ठरतं." त्यांनी वरणभात दोनदा घेतला, लोणच्याला हात लावला नाही.

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "मॅडम, एक ही झूठ बोलने को कहा था." रागाने नाही म्हणाले. पण मी जागेवर बसून राहिले. बाहेरून आलेल्या साहेबाने विचारलं आणि मी खरं सांगून टाकलं, असं माझ्या आयुष्यात याआधी एकदाच झालं होतं.

तू बालवाडीत मदतनीस होतीस, मीही त्याच बालवाडीत जायचे. अमेरिकेहून पिठाच्या गोणी यायच्या. त्यांच्यावरही असेच दोन हात असायचे. मोठ्या कढईत तेल आणि गूळ घालून तू सुकडी करायचीस. मुलांना वाटून झाली की तळाला चिकटलेली खरवड कढई घासणारीची, असा तिथला रिवाज होता. ती तू डब्यात घालून घरी आणायचीस. तिला जरा करपल्याचा वास यायचा आणि मला तीच आवडायची. मी एकदा म्हणाले, अमेरिका किती चांगली, फुकट देते. तू पाठीत धपाटा घातलास. "फुकट? कढई कोण घासतं? तुझ्या अमेरिकेचा राजा येतो का घासायला?" मग स्वतःच हसलीस आणि म्हणालीस, त्याला विचारलं पाहिजे, तू तरी हे खातोस का बाबा.

पुढे एक गोरा साहेब वाटप बघायला आला. बरोबर आपले अधिकारी होते. तू आत कढईपाशी होतीस. साहेबाने मला काहीतरी विचारलं, एका अधिकाऱ्याने मराठीत सांगितलं, "सुकडी आवडते का, बाळ?" मी सहा वर्षांचीही झाले नव्हते. मी म्हणाले, "आवडते. आमच्या घरी पण असते. आई डब्यातून आणते." खरवड हा शब्द मी उच्चारला नाही. महिना संपला तसं तुला येऊ नको सांगितलं. मुलांचं खाणं घरी नेते, असं साहेबाच्या अहवालात लिहिलं होतं म्हणे. मग तू कॅम्प दोनमध्ये पापड लाटायला जाऊ लागलीस, आणि मिऱ्याने तुझी बोटं कायमची भगभगत राहिली.

तुझा संशय शेजारच्या काकूंवर गेला. त्या दिवशी त्या त्यांच्या मुलाला न्यायला आल्या होत्या. तू चाळीच्या नळावर सगळ्यांसमोर त्यांना बोललीस. त्या गप्प राहिल्या. त्यानंतर तुझं त्यांच्याशी बोलणं नाही, हळदीकुंकू नाही. तुझ्या शेवटच्या आजारात त्या दारापर्यंत आल्या, तर तू तोंड भिंतीकडे केलंस. मी तिथेच उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही. सांगणारी मी होते, आई. काकू नव्हत्या.

आज साडेतीनला सुटून त्यांच्याकडेच गेले. चाळीच्या जागी इमारत झाली आहे, त्या पहिल्या मजल्यावर सुनेकडे असतात. ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, पण मला आवाजावरून ओळखलं. "ये गं. रिटायर झालीस का?" म्हणाल्या. मी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. त्या म्हणाल्या, "अगं, मला ठाऊक आहे. मी दारातच होते ना. ऐकलं मी."

मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलं.

"मी नव्हे म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग कोण? तुझ्या आईचा हात तुला माहीत नव्हता का? फोडून काढली असती तुला. वाटलं, चार दिवस रागावेल, मग येईल साखर मागायला." मग म्हणाल्या, "आलीच नाही बाई. भारी हट्टी होती." सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हिच्या चहात साखर कमी घाल, हिची आई गोड खात नव्हती." मी गोड खाते, पण काही म्हणाले नाही.

त्यांच्यावर तुला राग धरायचं काही कारण नव्हतं, हे तुला कळायला हवं म्हणून एवढं लिहिलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, ते मलाही ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र कबूल करते. मी चूक सांगितली, माफी मागितली, त्यांच्या पायाही पडले. त्यांचे आभार मानायचे होते, तेवढं तोंडातून आलं नाही. जिन्यात आठवलं, परत वर गेले नाही.

आता सव्वासात झाले आहेत. दोरीवरचे कपडे वाळले आहेत, ते काढून घड्या घालते.