चांगल्या बातमीचा फोन

२१ फेब्रुवारी

आमचा डॉक्टर हॅडिक्स गाढव आहे! सुरी हातात घेतल्यावर असेल हुशार, लिहायला बसला की गाढव. आज परत तेच — "खांद्यावरची गाठ काढली. रुग्ण ठीक." संपलं! अरे, किती मोठी? किती खोल? कातडीखालच्या चरबीत होती की स्नायूवरच्या पडद्याच्या आत? त्यावर मी बिलात घालायचा ऑपरेशनचा कोड ठरतो, कोडवर बिल ठरतं आणि बिलावर तुझी बोट तळ्यात तरंगते!

मी चिठ्ठी पाठवली — "गाठ पडद्याच्या आतच होती ना?" ती आमच्या बिलांच्या खोलीतल्या मुख्य व्हर्लीनबाईंनी वरच्या वर पकडली. बाई इतकी वर्षं त्या खुर्चीत बसल्यात की त्यांचा आकारच खुर्चीसारखा झालाय.

"डेझ, डॉक्टरच्या तोंडात उत्तर कोंबायचं नाही. किती खोल, एवढंच विचारायचं. उद्या विमावाले म्हणतील, आपणच पढवलं."

मग काय, परत लिहिली. हॅडिक्सचं उत्तर — "खोल." वा!

खाली काउंटरवर तो ट्रेव्हिस. औषध कंपनीचा माणूस, दवाखान्यांत फिरून औषधं खपवतो, दात दाखवतो. उद्यापासून चर्चचे उपवास, म्हणून आज अख्खं टोलीडो जॅम भरलेल्या पॉन्चकी गिळतंय, आणि हा खोकाभर घेऊन काउंटरवर बसणाऱ्या जोसलिनच्या समोर उभा. तिनं एक खाल्ली. नाकाला साखर लागली. त्या माकडाच्या खिशात रुमाल होता.

२२ फेब्रुवारी

आई — "निदान पुढच्या सत्रात तरी कॉलेजात परत जा." कशाला? प्रोफेसर खोटारडा होता, मी तोंडावर सांगितलं, विषय संपला. दुसऱ्यांच्या गाठी मोजतोय, ते बरं आहे.

२४ फेब्रुवारी

आज जिन्यात उभा राहून ऐकलं. (चोरून नाही. जिना सगळ्यांचा आहे.) जोसलिन फोनवर कुणा म्हाताऱ्याला सांगत होती — "सगळं छान आहे हं! नुसती चरबीची गाठ! आता बिनधास्त झोपा." काय तो आवाज! त्या टकल्यासाठी! त्याच्या पाठीवर लिंबाएवढी चरबी साचली, एवढंच त्याचं कर्तृत्व. आणि मी रोज जिना उतरून "गुड मॉर्निंग" म्हणतो, तर मला मिळतं "मॉर्निंग, डेझ", तेही स्टेपलर शोधता शोधता.

गाठ तर माझ्याकडेही आहे. उजव्या खांद्याच्या मागे, गेल्या उन्हाळ्यापासून. दुखत नाही, खुपत नाही. शर्ट घालताना लागते, बस्स.

कल्पना भारी आहे.

२८ फेब्रुवारी

वेळ मिळाली. गुरुवारी. जोसलिननंच लिहून घेतली.

"तुला गाठ? लोकांच्या मोजून मोजून उगवली की काय?"

मी म्हटलं, "रिपोर्ट आला की फोन तूच करशील ना?"

"चांगला आला तर मीच."

"आणि वाईट आला तर?"

"मग डॉक्टर स्वतः करतात. वाईट काही मला सांगायला लावत नाहीत. मी आपली चांगल्या बातमीची मुलगी!" आणि हसली. ट्रेव्हिसला असं हसून दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही.

२ मार्च

काढली! पालथा पडून लिहितोय.

सुई टोचल्यावर हॅडिक्स त्याच्या बोटीचं पुराण लावून बसला होता. मध्येच थांबला. म्हणाला, "ही जरा खोल गेलीय."

मी पालथ्या पालथ्याच ओरडलो, "मग लिहा हं तसं! पडद्याच्या आत की बाहेर, आणि माप किती! नाहीतर चिठ्ठी मीच पाठवणार!"

नर्स हसली. हॅडिक्स हसला नाही. लिहायचं नाव काढलं की माणसाचा चेहराच पडतो! बोटीचंही पुढे काही बोलला नाही. टाके घालून निघून गेला.

बाहेर जोसलिननं माझ्या अंगावर कोट चढवला. एक बाही माझी, एक तिच्या हातात. असं रोज होणार असेल तर गाठी येऊ देत खुशाल.

३ मार्च

फोन आला की काय बोलायचं ते ठरवलंय. ती म्हणेल, "सगळं छान आहे, डेझ." मी म्हणेन, "अजून छान होईल. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे आहेत, येतेस?" नको, हे फार घाईचं. आणि "येशीलच ना?" हे तर नकोच. तोंडात उत्तर कोंबायचं नाही! नुसतं विचारायचं — "शुक्रवारी काय करतेस?"

बाईंचं शास्त्र इथे कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

७ मार्च

मिसेस ग्रोडझिकची गाठ माझ्याच दिवशी काढली होती. तिला काल फोन गेला. नुसती चरबी. तिचं बिल आज मीच केलं. मला फोन नाही.

जेवताना नीट विचार केला. सरळ आहे. ग्रोडझिकला फोन करायला काय लागतं? मला करायचा तर धीर गोळा करावा लागतो. लाजतेय ती!

९ मार्च

माझं बिल बाईंकडे आहे. आपली फाइल आपण उघडायची नाही, नियम. मी नुसतं विचारलं, "अजून गेलं कसं नाही?"

"लॅबचा रिपोर्ट पक्का झाल्याशिवाय कुठलं जातं? साधी की दुसरी, ते कळल्याशिवाय निदानाचा कोड कसा घालायचा? दुसऱ्या लॅबलाही दाखवायचीय म्हणे."

दुसरी लॅब! चरबीचा एक गोळा ओळखायला दोन दोन लॅबा! हॅडिक्सनं तिथेही नुसतं "गाठ" असंच लिहून पाठवलं असणार.

आज मी मापात चूक केली. बाटलीत आक्रसलेल्या गाठीचं लॅबवालं माप घातलं, कापण्याआधीचं नाही. एरवी बाईंनी अख्ख्या मजल्याला ऐकवलं असतं. आज स्वतःच दुरुस्त केलं. वर स्वतःच्या डब्यातला चेरी पाय माझ्याकडे सरकवला. "खा रे बाळा."

बाळा! म्हातारी मवाळ झाली. निवृत्त करा आता.

१० मार्च

जोसलिन माझ्याकडे बघत नाही. सकाळी मी जिना उतरलो तर फोन नसताना फोन कानाला लावला. दुपारी ट्रेव्हिस आला, त्याच्याशीही धड बोलली नाही. तो बिचारा डोनट घेऊन परत गेला. हा हा!

निघताना मी मुद्दामच काउंटरवर रेंगाळलो. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. चांगला घट्ट. डोळ्यांत पाणी होतं. शपथ!

"डेझ, सोमवारी फोन जवळ ठेव हं."

माझ्यासाठी रडणारी मुलगी! आणि आई म्हणते, कॉलेज सोडून काय कमावलंस.

१२ मार्च

इस्त्री केली. फोनवर शर्ट दिसत नाही, तरी केली.

१३ मार्च

वाजला. नंबर तिच्याच काउंटरचा. मी घसा साफ करून म्हटलं, "जोसलिन, शुक्रवारी काय करतेस?"

"डेझमंड," पलीकडून आवाज आला, "मी डॉक्टर हॅडिक्स. बसलायस ना?"