उरलेल्या आयुष्याला पुरतील असे स्पीकर

तीर्थस्वरूप भैय्याजींना, सेलूहून आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे रूपरावाचा, सादर नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का आणि वहिनींचा खोकला थांबला का, ते कळवावे. इकडे कोकिळा खुशाल आहे. मीही आहे.

नोकरी संपली, आता एकदाच चांगले स्पीकर घ्यायचे आणि पुन्हा त्या भानगडीत पडायचे नाही, असे मी ठरवले होते. (आधीचे सगळे मीच फाडले असे आपली बहीण म्हणते. मी म्हणतो, मालच हलका होता.) म्हणून आम्ही दोघे वर्ध्याला प्रफुलभाऊंच्या दुकानात गेलो. माणूस भला. खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि काय लावू म्हणून विचारले. ओळखीचा आवाज असल्याशिवाय खरेखोटे कळत नाही, म्हणून मी आमच्या घरी झालेल्या खंजिरी भजनाचे रेकॉर्डिंग दिले. (ते कोकिळेने मोबाइल मांडीवर ठेवून केले होते. हे मी तेव्हा ध्यानात घ्यायला हवे होते.)

माझ्या कमरेइतकी उंच जोडी होती. खंजिरी अशी वाजली की कपबश्या हलल्या. मी डोळे मिटून डोलत होतो. दोन कडव्यांच्या मधे भजन जरा थांबले आणि दुकानातली माणसे हसू लागली. मला काही समजेना. प्रफुलभाऊंनी तो भाग आवाज वाढवून पुन्हा लावला, तेव्हा कळले. आपली बहीण शेजारच्या सपनाला हळूच सांगत होती, "हे रोज गाणे लावतेत ना, मी कानात कापूस घालून बसतो. यायले वाटते मी ऐकून राह्यली."

मी उठून चालू लागलो. बसस्टँडवर पोचल्यावर विचारले, "काऊन सांगितलं नाई मले?"

"सांगितलं होतं, दोनदा," ती म्हणाली. "तुमाले ऐकू नाई आलं."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "हळू लावलं का तुमी उठून जाता. मले तुमच्यासंग बसाचं असते."

आम्ही परत दुकानात गेलो आणि तिने निवडलेली लहान जोडी घेतली. रोज संध्याकाळी ती बेताचा आवाज लावते, मी शेजारी बसतो. आवाज फार साफ आहे, असे सगळे म्हणतात.

आपला,
रूपराव

ता. क. : खरे म्हणजे मला त्यातला तबला तेवढा ऐकू येतो. बाकी तिच्या चेहऱ्याकडे बघून मी मान हलवतो. आपल्या गल्लीत कानाचे डॉक्टर आहेत ना? शनिवारची वेळ घेऊन ठेवावी. कोकिळेला मात्र कळू देऊ नये. आधी मशीन बसू द्या, मग मीच सांगेन.

ता. क. २ : फोन करू नये. आपण काय म्हणालात, हे मला तिलाच विचारावे लागते.

दादा, हे लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, अन् पोस्टात टाकाले मलेच देलं. शनिवारी दोघंही येतो. यायले सांगू नोको.
— कोकिळा