सात पाचरींचे कपाट

मी, खाली सही करणारा सुतार, वय अठ्ठ्याहत्तर, माझ्या मालमत्तेची ही व्यवस्था स्वहस्ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. वयामुळे अक्षर वाकडे येईल, ते चालवून घ्यावे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात कलम चार नसते.

माझा धंदा जुन्या फर्निचरच्या हुबेहूब प्रती करण्याचा. नवे लाकूड मी म्हातारे करतो. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून त्या पाण्याने काळवंडवतो, किल्ल्यांच्या जुडग्याने ठोकून पोचे पाडतो, माणसाचा हात जिथे टेकतो तिथेच कडा झिजवतो. मूळ खुर्चीचा पाय आखूड असेल तर माझ्याही खुर्चीचा आखूड. गिऱ्हाईक डुगडुगत बसते आणि वाहवा करते.

कलम १. राहते घर व त्यामागची कामाची खोली माझ्या एकुलत्या एक मुलीला. वय चव्वेचाळीस, लग्न केले नाही, माझ्याच खोलीत काम करते. कोरीवकामात ती माझ्या चार पावले पुढे आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेले नाही, इथे कायदेशीर नोंद करतो. घर ठेवावे की विकावे हे तिने ठरवावे. बाबांची आठवण वगैरे म्हणून कोणी तिला अडवू नये.

कलम २. रंधे, पटाशा, करवती सर्व मुलीला. फक्त मोजपट्टी माझ्या धाकट्या भावाला. का, ते पुढे येईल.

कलम ३. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने माझ्या प्रती अस्सल म्हणून खपवल्या. त्याला काही देऊ नये. मौतीला आला तर मात्र त्याला आखूड पायाच्या खुर्चीवर बसवावे.

कलम ४. कामाच्या खोलीतील मोठे कपाट. उंची सात फूट, रुंदी साडेसहा. खोलीचे दार तीन फुटांचे.

तेवीस वर्षांपूर्वी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली असताना मी हे तिच्यासाठी जोडले. एका बंगल्यातल्या जुन्या कपाटाची ही प्रत. पहिल्याच दिवशी भावाने दार मोजले आणि हसून लोळला. "दादा, हे बाहेर कसं काढणार? भिंत पाडणार का?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाले, की सुताराला स्वतःचे दार मोजता आले नाही. तेव्हापासून मला 'अडक्या' म्हणतात.

मला राग आला. इतकी वर्षे काम करून मी दार मोजणार नाही? ठरवले, हसू दे. एक दिवस काढून दाखवीन. आणि मूग गिळून बसलो. बायकोलाही सांगितले नाही, तिच्या पोटात काही राहत नसे.

ती रोज ते पुसायची. चार वर्षांनी गेली. जाताना मुलीचा हात धरून म्हणाली, "कपाट कुणाला मोडू देऊ नकोस. आणि टाकून जाऊ नकोस."

पुढच्याच वर्षी मुलीला दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाचे पत्र आले. जुन्या लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीचे काम, राहायला जागा. तिने पत्र मला मोठ्याने वाचून दाखवले. मग कपाटाकडे बघत म्हणाली, "कशी जाऊ, बाबा? मोडायचं नाही, टाकायचं नाही. आईला शब्द दिलाय."

त्या वेळी मी एवढेच बोलायचे होते, की बाजूला हो, शिडी आण. मी म्हणालो, "बघ बाई, तुझं तू ठरव."

तिने ते पत्र वरच्या खणात तळाला अंथरले. अजून तिथेच आहे.

आता खरे लिहितो. या कपाटाच्या सांध्यांत सरसाचा एक थेंब नाही. मूळ कपाटासारखेच ते सात पाचरींवर उभे आहे, वरच्या पट्टीच्या मागे, जिथे शिडीवर चढल्याशिवाय नजर जात नाही. पाचरी ठोकून काढल्या की त्याचे नऊ भाग होतात आणि नऊही भाग त्या दारातून जातात. मी दार मोजूनच कपाट केले होते.

मूळ कपाटात पाचरी उघड्या आहेत. माझ्याही होत्या. पत्र आले त्या आठवड्यात मुलगी बाजारात गेली असताना मी त्यांवर त्याच लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवले आणि जुने करून टाकले. तिच्यासारखीलाही ते ओळखू आले नाहीत, कारण लपवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हुबेहूब कामात मी आयुष्यात केलेला बदल तेवढाच.

मला एकटे राहायची भीती वाटली, दुसरे कारण नाही. मी माझ्या मुलीच्या आयुष्यात पाचर मारली. अठरा वर्षे ती कपाटाला तेल लावते आणि मी समोर बसून बघतो. रोज सांगायचे ठरवतो आणि रोज जीभ आत जाते. त्या खोलीत तिला कोंडले, आणि किल्ली खिशात घेऊन मीही आतच बसलो.

~~माझ्या मृत्यूनंतर~~ आजच मुलीने शिडीवर चढून डावीकडून पहिली पाचर काढावी. पुढच्या आपोआप दिसतील.

खाडाखोडीचा खुलासा: साक्षीदार म्हणून बोलावलेल्या भावाने हे कलम वाचले. मोजपट्टीवरून चिडेल असे वाटले होते. तो म्हणाला, "दादा, तू मेल्यावर तिला हे कळून काय उपयोग? तेव्हा ती साठीची असेल आणि भांडायला तू नसशील." म्हणून शब्द खोडले. बाजूला माझी सही आहे.

स्थळ: कामाची खोली, कपाटासमोर. दिनांक बारा, मंगळवार, सकाळी अकरा.

सही: सुतार, उर्फ अडक्या
साक्षीदार: १. धाकटा भाऊ (मोजपट्टी मिळाली) २. शेजारचा शिंपी

सह्यांनंतर: भावाने मुलीला हाक मारली. तिने कलम चार उभ्यानेच वाचले, मग पुन्हा वाचले. मी म्हणालो, "बाई, काहीतरी बोल." तिने शिडी लावली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला, हातोडीसाठी. मी दिली.