चौथ्या मजल्यावरील उंटाबाबत

प्रति,
मा. संचालिका,
दीपमार्ग ख्रिस्ती नेतृत्व प्रशिक्षण केंद्र
(शहरी सेवाकार्य विभाग), पुणे.

विषय : निकाली काढलेले उंट-प्रकरण पुन्हा उघडून प्रशिक्षणार्थी कु. शेफाली साळवे यांना हडपसरला परत पाठविणेबाबत.

संदर्भ : "आजोबा, आता माझं इथलं काम झालं" हे कु. शेफाली यांचे जिन्यातील तोंडी निवेदन.

महोदया,

अर्जदार बाबुराव शांतवन केदारी हे हडपसर येथे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात व सत्याला धरून असतात. एकट्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकावे, ते दूर करावे आणि पुढचे दार ठोठावावे, असे आपण उद्याच्या पाळकांना शिकविता. त्यानुसार कु. शेफाली दर गुरुवारी अर्जदारांकडे येत.

१. अर्जदारांचे गाऱ्हाणे साधे होते : डोक्यावर उंट राहतो. दुपारभर धप्प धप्प पावले टाकतो, सोसायटीची टाकी एका दमात पितो. एकदा तर गॅलरीतून मान खाली सोडून त्याने अर्जदारांचा वाळत घातलेला बनियन खाल्ला. आधीचे प्रशिक्षणार्थी श्री. आमोद यांनी या उंटासाठी मनोभावे प्रार्थना केली व ते चांगले वर्षभर येत राहिले.

२. कु. शेफाली यांनी मात्र प्रार्थना दोन वाक्यांत आटोपली आणि "चला आजोबा, वर जाऊन बघू," म्हणून त्या पुढे चालू लागल्या. आपण शिकविता ते नेतृत्व हेच असावे. गुडघे मात्र अर्जदारांचे होते. वर आनंदीबाई तुपे खलबत्त्यात मिरच्या कुटत होत्या. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचा ऊस होता. त्या म्हणाल्या, "खालचा थापाड्या ह्योच व्हय? इतकी वर्सं झाली, कधी चहाला बी आला न्हाई!" मग तिघांचा चहा झाला. अर्जदार व आनंदीबाई यांचा तो आता रोज होतो. उंट दिसला नाही, कारण चहाच्या वेळी तो गच्चीवर असतो.

३. एवढ्यावर प्रकरण मिटले असे ठरवून कु. शेफाली यांना वारज्याला पाठविण्यात आले. "माणसं जोडून दिली की सेवकानं बाजूला व्हायचं," असा आपला धडा आहे म्हणे. जोडलेल्या माणसांना कोणी विचारले होते काय? अर्जदार सांगतात, आनंदीबाई "थापा!" म्हणतात, आणि मध्ये बसून हसणारे कोणी नाही. गुरुवारी तिसरा कप अजूनही भरला जातो. तो तसाच निवतो.

४. कळविणे भाग आहे की उंट परतला आहे. सोबत पिल्लूही आहे.

मामला गंभीर असून नवख्याला झेपणारा नाही. तरी कु. शेफाली यांना गुरुवारी, चहाच्या वेळी, स्थळपाहणीस धाडावे.

उंटाखाली राहणारा, आपला नम्र,
बाबुराव शांतवन केदारी
हडपसर, १४ जुलै २०२५

सोबत : आनंदीबाईंचा जबाब, त्यांच्याच शब्दांत : "उंट हाय. पिल्लू बी हाय. दोन्ही म्याच पाळल्यात. पोरीला धाडा."