हो म्हणायची खोड

४ मार्च

माझ्या फोनमधलं सगळं नातीने पार धुऊन काढलं! विचारलं नाही, सवरलं नाही. गाणी गेली. हातात दुसराच दिलाय, त्याला धड मराठी लिहिता येत नाही. मी चौथी शिकले, तो तेवढाही नाही.

म्हणते, मोठ्या कंपन्यांचं घरात काही ठेवायचं नाही. नकाशे, फोटो, पत्रं सगळं फुकट देतात आणि आपण कुठे गेलो, कोणाशी बोललो ते टिपून ठेवतात. म्हणजे फुकटची मोलकरीण. केर काढते आणि कपाटंही उघडून बघते. एवढं मला कळलं.

५ मार्च

तिचंही खरं आहे. नवऱ्याला सोडलं तरी ती जाईल तिथे हा हजर. साखरतोंड्या! तिचं फोनमधलं खातं त्यानेच उघडून दिलेलं, किल्ली त्याच्याकडे. म्हणून तर आम्ही दोघी घर बदलून इथे आलो. पत्ता फक्त तिच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीला माहीत.

आज विचारलं, "आजी, त्याने दिलेलं अजून काही आहे तुझ्याकडे?"

मी नाही म्हटलं.

९ मार्च

आहे. टॅब. माझ्या पंचाहत्तरीला त्याने दिलेला, खातंही त्यानेच उघडलेलं. चादरींच्या घडीत ठेवलाय. ती कामावर गेली की काढते, पत्ते खेळते. बस.

मधूनच टॅब विचारतो – परवानगी द्यायची का? इतक्या आदबीने या घरात मला कोणी विचारत नाही. मी हो म्हणते.

११ मार्च

दोन डाव जिंकले.

१४ मार्च

पत्रपेटीत चिठ्ठी. तिकीट नाही. अक्षर त्याचं. 'नवे पडदे छान आहेत.'

नात जिन्यातच बसली. उठेना.

१५ मार्च

नात फोनवर मैत्रिणीवर घसरली. "तुझ्याशिवाय पत्ता होता कोणाकडे?" पलीकडची रडत होती, ते मला ओट्यापाशी ऐकू आलं. मी कांदा चिरत होते. चिरतच राहिले.

१६ मार्च

टॅब काढला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. 'ठिकाण कळवण्याची परवानगी.' पुढे हिरवी खूण. ती मीच केलेली.

दवाखान्यातली पोर फुकट शिव्या खाऊन बसली आहे.

१७ मार्च

नातीला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पत्तेच खेळायचे होते ना, आजी? मी बसले असते की तुझ्याबरोबर."

मग मैत्रिणीची माफी मागितली. चूक माझीच, म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. ते जास्त लागलं.

टॅब फोडायला निघाली. मी हात धरला.

१८ मार्च

मैत्रीण सकाळी आली आणि तिला घेऊन गेली. कुठे, ते मीच म्हटलं सांगू नकोस. मी हो म्हणणारी बाई.

टॅब चालू ठेवलाय, खिडकीपाशी. दोघी इथेच आहोत असं वाटू दे त्याला. बेल वाजली की दार मी उघडणार. नातीने आता त्याला एका शब्दाचंही उत्तर द्यायचं नाही. काय विचारायचं ते त्याने मला विचारायचं.